मदत हवी आहे: जुन्या घरातले डक्ट साफ करून घ्यावेत का? (न्यू जर्सी)

अंगणवेल

नमस्कार मंडळी,

या उन्हाळ्यात आम्ही मध्य न्यू जर्सीत १९७४ सालचं घर घेतलं. आजवर अपार्टमेंटमध्ये राहिलो, तिथे हीट-एसीचं काय ते मेंटेनन्सवाले बघायचे. इथे बेसमेंटमध्ये गॅसची फर्नेस आहे, तिच्यावर एसीचं कॉइल, आणि तिथून हवा नेणारे पत्र्याचे डक्ट सगळ्या खोल्यांत गेलेत. खालच्या मजल्यावर व्हेंट जमिनीत आहेत, वरच्या मजल्यावर भिंतीत.

ऑक्टोबरात पहिल्यांदा हीट लावली तेव्हा घरभर जळक्या धुळीचा वास आला. तो गेला, पण धूळ काही हटेना. सकाळी टेबल पुसावं तर संध्याकाळी त्यावर बोटाने नाव लिहिता येईल असा थर. हीट सुरू झाली की मुलगा शिंकायला लागतो. आणि डिसेंबरात सासूबाई नाशिकहून सहा महिन्यांसाठी येतायत. त्यांना दमा आहे, रोज पंप घ्यावा लागतो. त्या येण्याआधी घराची हवा नीट व्हावी, हीच सगळ्यात मोठी काळजी आहे.

त्यांच्या खोलीतल्या व्हेंटची जाळी काढून आत मोबाइलचा टॉर्च मारला. करड्या धुळीची जाड साय, तिच्यात गुंतलेले पांढरे केस (आधीच्या मालकांकडे कुत्रा होता), प्लास्टरचे खडे आणि एक पेन्सिलीचा तुकडा. हॉलमधल्या मोठ्या रिटर्नच्या (घरातली हवा परत फर्नेसकडे ओढणाऱ्या) जाळीवर काळपट थर आहे, हात लावला तर बोट तेलकट होतं. देवघर ज्या खोलीत आहे तिथल्या व्हेंटभोवती भिंतीवर काळसर पट्टे उमटलेत.

टपालात ९९ डॉलरमध्ये अख्खं घर साफ करून देण्याचं कूपन आलं. फोन केला तर म्हणाले, व्हेंट किती आहेत त्यावर ठरेल आणि फंगस निघाली तर फवारणीचे वेगळे. दुसऱ्या एकाने साडेसातशेच्या आसपास सांगितले, येऊन बघितल्यावर पक्का आकडा देईन म्हणाला.

हे करून घ्यावं का? केलं तर त्यांना काय काय विचारून घ्यावं? घरच्या घरी किती जमतं?

आणखी एक. बेसमेंटमध्ये डक्टच्या जोडांवर कागदासारखी पांढरी पट्टी चिकटवलेली आहे, दोन-तीन ठिकाणी सुटून लोंबतेय. नवरा म्हणतो, या शनिवारी ती खरवडून काढू आणि नवीन टेप लावू. फोटो खाली दिलाय.

दूरदेशी

अंगणवेल, बाकी सगळं बाजूला ठेवा. शनिवारचं ते खरवडणं आधी थांबवा!

घर १९७४ चं आणि जोडांवर पांढरी कागदी पट्टी, म्हणजे त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता आहे (हे तंतुमय खनिज श्वासातून गेलं तर फुप्फुसांना घातक असतं). त्या काळात डक्टच्या जोडांवर ते सर्रास लावायचे. नुसतं बघून किंवा फोटोवरून कोणालाच खात्रीने सांगता येणार नाही, तुकडा प्रयोगशाळेत तपासावा लागतो. पट्टी शाबूत असेल आणि तिला कोणी हात लावत नसेल तर धोका कमी असतो. वाळलेली पट्टी फाडली, घासली की तंतू हवेत जातात, आणि तुमच्याकडे तर ती हवा फर्नेसमधून घरभर फिरेल. खाली पडलेले तुकडे झाडू नका, साध्या व्हॅक्यूमने ओढू नका, मुलाला तिकडे खेळायला जाऊ देऊ नका. नमुनाही स्वतः घेऊ नका, प्रशिक्षित माणूस बोलवा. डक्ट साफ करायला येणाऱ्यालाही हे आधीच सांगायला हवं, कारण आत ब्रश फिरवला की जोड हलतात.

कोरडवाहू

दूरदेशी म्हणतात ते पहिलं काम. त्याचा निकाल लागेपर्यंत डक्टमध्ये कोणालाही हात घालू देऊ नका. मी ओहायोत हीटिंग-कूलिंगच्या कामात आहे (डक्ट सफाई करत नाही), म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डक्टमध्ये धूळ दिसली म्हणजे ती खोलीत येतेच असं नाही. पत्र्याला चिकटलेली बरीचशी धूळ तिथेच बसून राहते. इथली पर्यावरण संस्था, ईपीए, स्पष्ट सांगते की डक्ट सफाईमुळे आजार टळतात असं आजवर सिद्ध झालेलं नाही, आणि नेमाने दर वर्षी सफाई करायचीही गरज नाही. तीन वेळा मात्र करून घ्या म्हणते: आत डोळ्यांना दिसेल इतकी बुरशी असेल, उंदीर-किड्यांचा वावर असेल, किंवा कचऱ्याने डक्ट तुंबून तो व्हेंटमधून खोलीत उडत असेल. तुमचं प्लास्टर आणि केस बघता तुम्ही तिसऱ्यात बसू शकता. खात्री करायची तर व्हेंटच्या जाळीखाली पातळ मलमलीचा तुकडा लावून एखादा दिवस ठेवा. त्यावर खडे, केस आले तर आतलंच बाहेर येतंय. मलमल कोरी राहिली तर टेबलावरची धूळ दुसरीकडून येतेय.

आता माझ्या मते खरी गोष्ट. धूळ आत शिरते कुठून हे शोधल्याशिवाय साडेसातशे डॉलर घालवलेत तर पुढच्या हिवाळ्यात पुन्हा हाच धागा काढावा लागेल.

फर्नेस बंद करा आणि फिल्टर बाहेर काढा. त्याच्या कडेवर आकार छापलेला असतो. तो खाचेत घट्ट बसतो का, चारी बाजूंनी फट आहे का ते बघा. खाचेवर झाकण आहे का? नसेल तर ब्लोअर (हवा ढकलणारा फर्नेसमधला पंखा) तिथून बेसमेंटची हवा थेट आत ओढतो. फिल्टरवरचा बाण ब्लोअरच्या दिशेने असला पाहिजे. नव्या घरात आलेले लोक फिल्टर बघतच नाहीत, आणि विकणारेही बदलत नाहीत.

दुसरं म्हणजे रिटर्न. सत्तरच्या दशकातल्या घरांत रिटर्नसाठी पुष्कळदा वेगळा डक्ट नसतो. भिंतीतल्या दोन लाकडांमधली पोकळी किंवा बेसमेंटच्या छतातल्या दोन तुळयांना खालून पत्रा मारून काम भागवलेलं असतं. अशा पोकळीला भेगा असतात आणि त्यांतून भिंतीतली, बेसमेंटमधली धूळ खेचली जाते. एनर्जी स्टार या ऊर्जा बचतीच्या सरकारी कार्यक्रमाच्या अंदाजाने सामान्य घरात डक्टमधली २० ते ३० टक्के हवा गळतीत जाते. पैसे जातात ते वेगळेच. या भेगा मॅस्टिकने (जोडांवर फासायच्या घट्ट लेपाने) किंवा डक्टसाठीच्या फॉइल टेपने बुजवतात. दुकानात ‘डक्ट टेप’ म्हणून मिळणारी करड्या कापडाची टेप लावू नका. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने १९९८ मध्ये तऱ्हेतऱ्हेच्या टेप तापवून-थंडावून तपासल्या, त्यात डक्टच्या जोडांवर टिकली नाही ती नेमकी हीच. पण तुमच्या घरी हे सगळं पांढऱ्या पट्टीचा निकाल आल्यावर.

सफाईवाल्याबद्दल. ९९ वाल्याला घरात घेऊ नका. ईपीएनेच एका सिस्टिमचा खर्च साधारण ४५० ते १,००० डॉलर सांगितलाय. ९९ मध्ये माणूस येतो तो आत शिरून आकडा वाढवायला, आणि ‘फंगस निघाली’ हे त्याचं ठरलेलं वाक्य. काळं दिसलं म्हणजे बुरशी नव्हे, ते प्रयोगशाळाच सांगते. फवारणीला साफ नकार द्या, घरात दम्याचं माणूस येणार असताना तर नक्कीच. आणि ‘ईपीएची मान्यता आहे’ असं कोणी म्हणालं तर तिथेच फोन ठेवा, ईपीए कोणत्याही सफाई कंपनीला मान्यता देत नाही. या धंद्याची नाडका नावाची संघटना १९८९ पासून आहे. तिचा सभासद आहे का ते विचारा, पण तेवढ्यावर विसंबू नका. सप्लाय (खोल्यांत हवा सोडणारे डक्ट), रिटर्न, ब्लोअर आणि कॉइल हे चारही धरलेत का ते लिहून मागा. मोठ्या व्हॅक्यूमने डक्टमध्ये उणा दाब ठेवून मग ब्रश फिरवायचा, ही खरी पद्धत. नुसती व्हेंटच्या तोंडाशी नळी लावून अर्ध्या तासात निघणारा माणूस काही साफ करत नाही.

हिमफूल

कॅनडातून (मिसिसागा). आमच्याकडे डक्ट क्लीनिंगवाल्यांच्या फोनचा इतका जाच आहे की विचारू नका. इथल्या सीएमएचसी या सरकारी गृहनिर्माण संस्थेनेही अभ्यास करून हेच सांगितलंय की सफाईने घरातल्या हवेत सहसा फरक पडत नाही.

आमच्या घरात एचआरव्ही आहे, बाहेरची ताजी हवा आत घेणारं यंत्र. कोणाकडे असेल तर त्याचे फिल्टर आणि घराबाहेरची हवा आत घेणारी जाळीही बघा. आमची जाळी झाडांच्या कापसाने पूर्ण भरली होती.

चुलीपाशी

अंगणवेलताई, तो तेलकट थर डक्टमधला नाही, ओट्यावरचा आहे. शेगडीवर मायक्रोवेव्ह बसवलाय का? त्यातला पंखा बाहेर हवा टाकतो की वरच्या जाळीतून परत तुमच्याच तोंडावर? इथल्या पुष्कळ घरांत तो हवा फक्त फिरवतो. आपल्या फोडण्या, माशाचे तुकडे तळणं, भाकरी, यापुढे त्या चिमूटभर कोळशाच्या फिल्टरचं काही चालत नाही. तेलाची वाफ रिटर्नमध्ये जाते, धुळीला चिकटते, जाळीवर बसते. जमेल तर पाइप टाकून पंखा घराबाहेर काढून घ्या. बऱ्याच मॉडेलना ती सोय असते. तोवर खालची धातूची जाळी गरम पाण्यात भांड्यांचा साबण घालून भिजवा, आणि फोडणी द्यायच्या आधीच पंखा लावा आणि खिडकी उघडा, नंतर नव्हे.

व्हेंटभोवतीचे काळे पट्टे बहुधा उदबत्ती आणि समईच्या काजळीचे. व्हेंटच्या झोताबरोबर काजळी भिंतीवर बसते. आम्ही देवघर व्हेंटपासून लांब हलवलं, समईची वात बारीक केली, धूप फक्त सणाला. सासूबाई दम्याच्या आहेत तर त्यांच्याशी आधीच बोला. माझ्या आईला धुराशिवाय पूजा नको वाटायची. पण उदबत्ती अंगणात लावू म्हटल्यावर ती सहज तयार झाली.

जाळ्या काढून साबणाच्या पाण्याने धुणं, पूर्ण वाळवून लावणं आणि आत हात पोहोचेल तिथवर व्हॅक्यूमची नळी फिरवणं, एवढं घरी जमतं. पण तेही त्या पट्टीचं कळल्यावरच करा.

दूरदेशी

एक राहिलं. कपड्यांच्या ड्रायरचा व्हेंट! हवेच्या डक्टपेक्षा त्याची सफाई कितीतरी जास्त गरजेची. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या आकडेवारीनुसार इथे वर्षाला सुमारे २,९०० घरांत ड्रायरमुळे आग लागते, आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे साफसफाई न करणं. ड्रायर मागे ओढून बघा. मागे पांढरा प्लास्टिकचा किंवा फॉइलचा घड्यांचा पाइप असेल तर तो काढून सरळ पत्र्याचा लावा. घड्यांत लिंट (कपड्यांचे सुटलेले बारीक धागे) अडकतं. मग ड्रायर चालू करून बाहेर जा आणि भिंतीवरची झडप पूर्ण उघडते का ते पाहा. कपडे वाळायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर पाइप तुंबलाच म्हणून समजा.

अंगणवेल

सगळ्यांचे मनापासून आभार. बरंच काही झालं, म्हणून लिहितेय.

पट्टीचा तुकडा तपासून घेतला. अ‍ॅस्बेस्टॉस निघालं. दूरदेशी, तुम्ही वेळेवर लिहिलंत, तुमचे उपकार विसरणार नाही. परवाना असलेल्या लोकांनी प्लास्टिक लावून बेसमेंटचा तो भाग बंद केला, सुटलेल्या पट्ट्या काढल्या आणि उरलेल्यांवर लेप देऊन बंद केल्या. खर्च झाला, पण त्याबद्दल दोघांच्याही मनात शंका नाही.

कोरडवाहू, फिल्टर काढला तेव्हा कळलं. खाच १६ बाय २५ इंचांची आणि आत फिल्टर १६ बाय २० चा! पाच इंचांची उघडी फट, तिच्यातून सगळी हवा गाळल्याशिवायच जात होती. वार्षिक सर्व्हिसला आलेल्या तंत्रज्ञाने ब्लोअर उघडून दाखवला, त्याच्या पात्यांवर नमदा बसावा तसे कुत्र्याचे केस. त्याने ब्लोअर आणि कॉइल साफ केलं, कार्बन मोनॉक्साइडही तपासलं. योग्य मापाचा फिल्टर लावल्यापासून टेबलावरची धूळ निम्म्याहून कमी वाटतेय. मलमलीवर मात्र बारीक खडे आले, म्हणून डक्ट एकदा साफ करून घेतोय, साडेसातशेवाल्याकडूनच. तो आधी येऊन पाहून गेला, कोणते जोड हलवायचे नाहीत त्यावर खुणा केल्या आणि चारही गोष्टी लिहून दिल्या.

ड्रायरमागे फॉइलचाच पाइप होता, बदलला. मायक्रोवेव्हचा पंखा बाहेर काढायचं काम पुढच्या आठवड्यात.

आता दोनच प्रश्न. दुकानात मर्व्ह १३ चा फिल्टर घ्या म्हणाले (मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक गाळतो त्याचं माप). एक इंची जाडीचा चालेल का? आणि सासूबाईंच्या खोलीसाठी वेगळं काही करावं का?

कोरडवाहू

छान केलंत, क्रमही बरोबर.

मर्व्ह १३ चांगला, कारण तो एक मायक्रॉनपेक्षा लहान कणांतलेही निदान निम्मे धरतो, आणि ईपीएही तोच सुचवते. पण सोबत एक अट आहे: तुमच्या सिस्टिमला झेपला पाहिजे. एक इंची जाडीत इतकी बारीक गाळणी लावली की जुन्या ब्लोअरला हवा ओढायला जड जातं, लांबच्या खोल्या गार राहतात, फर्नेस तापून मध्येच बंद पडू शकते. चार इंची फिल्टरची पेटी बसवून घ्या, तिच्यात मर्व्ह १३ सहज चालतो आणि बरेच महिने टिकतो. तोवर एक इंचीत मर्व्ह ८ किंवा ११ लावा आणि महिन्याला काढून बघा.

सासूबाईंच्या खोलीत हेपा (अतिशय बारीक कण धरणाऱ्या) फिल्टरचा छोटा प्युरिफायर ठेवा, खोलीच्या मापाचा. ‘आयन’, ‘ओझोन’ असं लिहिलेलं यंत्र घेऊ नका, ओझोनने दमा उलट चाळवतो. आर्द्रता मोजायचं साधं मीटर आणून ती ३० ते ५० टक्क्यांत ठेवा. त्यावर गेली की गादीतले धुळीतले किडे वाढतात. इथल्या कोरड्या हिवाळ्यात त्यांना ह्युमिडिफायर लागेल. रोज पाणी बदला आणि टाकी घासा. त्यांच्या खोलीचं व्हेंट बंद करू नका, बाकीच्या खोल्यांचीही नको. व्हेंट बंद केली की डक्टमधला दाब वाढून गळती वाढते.

आणि फिल्टरची पेटी बसवायला येईल त्याला आधी आणि नंतर स्टॅटिक प्रेशर (डक्टमधल्या हवेचा दाब) मोजायला सांगा, दोन्ही आकडे बिलावर लिहून घ्या, आणि जमलं तर इथे टाका. मी बघून सांगतो.