मदत हवी आहे: मुरायला ठेवलेल्या मेडिकल कॅनाबिसच्या बरणीला उग्र दर्प येतोय, नवऱ्याला द्यावा का?

नमस्कार मंडळी,

घाईचा प्रश्न आधी विचारते, मग सविस्तर सांगते. घरी वाढवलेल्या मेडिकल कॅनाबिसचे, म्हणजे औषधी गांजाचे, तुरे सुकवून ११ दिवसांपूर्वी मी ३ काचेच्या बरण्यांत मुरायला ठेवले. दोन बरण्या ठीक वाटतात. तिसरीचं झाकण काल सकाळी उघडलं आणि नाकात झोंबणारा दर्प आला, अमोनियासारखा. बुरशी डोळ्यांना कुठे दिसत नाही. आतला हायग्रोमीटर ६१ टक्के आर्द्रता दाखवतोय, म्हणजे सगळे सांगतात त्या ५८ ते ६२ च्या आतच. मग हा वास कशाचा? तुरे वाचवता येतील का? आणि मुख्य म्हणजे, नवऱ्याला ते देण्याजोगे आहेत का?

आता मागचं सांगते. नवऱ्याला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार आहे. दिवसा तो काठी घेऊन चालतो, पण रात्री पायांचे स्नायू इतके आखडतात की गुडघा वाकवायला मला दोन्ही हात लावावे लागतात. बॅक्लोफेन या स्नायू सैल करणाऱ्या औषधाने आखडणं कमी व्हायचं, पण दुसऱ्या दिवशी पायात बळच राहायचं नाही. शेवटी न्यूरॉलॉजिस्टनी कॅनाबिस लिहून दिला. त्यांच्या चिठ्ठीवर रीतसर परवाना काढून मोजकी झाडं घरी लावली आहेत. जिथे कायदा परवानगी देत नाही तिथे कुणी हे करू नये, म्हणून आधीच स्पष्ट लिहिते. तो धूर घेत नाही. झोपायच्या आधी व्हेपोरायझरमधून २-३ वेळा वाफ ओढतो. त्यानंतर पाय सैल पडतात आणि आम्ही दोघेही झोपतो. शरीर स्वतः कॅनाबिससारखं काम करणारा एक पदार्थ तयार करतं, १९९२ साली तो सापडला तेव्हा संस्कृतमधल्या 'आनंद'वरून त्याला ॲनंडामाइड नाव दिलं, हे त्याने कुठेतरी वाचलं. तेव्हापासून या झाडांवर त्याचा फार जीव आहे.

लागवडीबद्दल फार लिहीत नाही, ती नीट झाली. मादी झाडाच्या फांदीची २ रोपं, आधी १८ तास उजेड, मग १२ तास उजेड आणि १२ तास पूर्ण अंधार, ९ आठवड्यांत फुलोरा भरला. घोळ झाला तो शेवटी. कापणीच्या आधीच्या आठवड्यात हवा दमट झाली. मोठ्या झाडाच्या एका तुऱ्यातून एक बारीकसं पान डोकावत होतं, ते एका रात्रीत पिवळं पडलं. बाकी सगळं हिरवंगार होतं. मी पान चिमटीत धरलं तर ते ओढावंसुद्धा लागलं नाही, अलगद हातात आलं. तुरा उलगडून पाहिला तर आतला देठ तपकिरी, मऊ पडलेला, आणि त्यावर राखेसारखी करडी पूड. बॉट्रायटिस, म्हणजे करडी बुरशी. तो तुरा आणि वरखाली चांगली वीतभर फांदी कापून पिशवीत बांधून टाकली, कात्री स्पिरिटने पुसली, आणि भिंगातून ट्रायकोम, म्हणजे तुऱ्यावरचे औषधी चिकाचे बारीक मणी, बहुतेक दुधी झालेले दिसले तसं दुसऱ्याच दिवशी दोन्ही झाडं कापली.

फांद्या अंधाऱ्या खोलीत उलट्या टांगल्या. तापमान १८ ते २० अंश, पंखा लावलेला पण वारा फांद्यांवर थेट जाणार नाही असा. आठव्या दिवशी बारीक काड्या कट् आवाज करून मोडायला लागल्या. तोच इशारा मानून तुरे छाटले आणि पाऊण भरतील अशा बेताने बरण्या भरल्या. पहिल्या दोन बरण्यांत लहान तुरे आहेत. तिसरीत मोठ्या झाडाचे शेंड्याचे तुरे, मुठीएवढे, न फोडता ठेवलेले. रोज दोन वेळा १० मिनिटं झाकणं उघडत होते. मधले दोन दिवस नवऱ्याला दवाखान्यात न्यावं लागलं, तेव्हा उघडायचं राहून गेलं.

अजून एक गोष्ट, आणि झोप उडाली ती हिच्यामुळेच. त्याला दर ६ महिन्यांनी ऑक्रेलिझुमॅबचं सलाइन लावतात. त्या औषधाने प्रतिकारशक्ती कमी होते, साध्या सर्दीलाही जपा असं डॉक्टरांनी बजावलंय. असा माणूस ही वाफ थेट फुप्फुसात घेणार. मी स्वतःसाठी विचारत असते तर इतकी घाबरले नसते. जाणकारांनी कृपया स्पष्ट सांगा, वाईट वाटेल म्हणून हात राखून लिहू नका.

प्रतिसाद १

ताई, आधी त्या बरणीतले तुरे बाहेर काढा. कागदावर मोकळे पसरा, १२ ते २४ तास हवा लागू द्या, मग परत भरा. मला पहिल्या वर्षी असाच वास आला होता. दोनदा असं केल्यावर बराच गेला. बारीक काडी मोडली म्हणजे अख्खा तुरा सुकला असं नसतं. मोठ्या तुऱ्याच्या मधल्या जाड देठात पाणी राहतं. बरणीत कोंडल्यावर ते हळूहळू बाहेरच्या कोरड्या पाकळ्यांत येतं, म्हणून भरताना कुरकुरीत लागलेला तुरा दोन दिवसांनी दाबला की मऊ, ओलसर लागतो. तुमचे कसे लागताहेत?

धागाकर्ती

आत्ता दाबून पाहिले. तंतोतंत तसेच, मऊ, ओलसर. दाबल्यावर तसेच चपटे राहतात, फुलून वर येत नाहीत. पण मग हायग्रोमीटर ६१ का दाखवतोय?

प्रतिसाद २

कारण तो चुकतोय. छोट्या डिजिटल हायग्रोमीटरवर तपासल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही. मिठाची परीक्षा घ्या, अगदी सोपी आहे. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, त्यात पाण्याचे थेंब टाकून ओल्या वाळूसारखं करा. मीठ विरघळून पाणी व्हायला नको, ओलं पण रवाळ राहिलं पाहिजे. हे झाकण आणि तिन्ही हायग्रोमीटर एकाच रिकाम्या बरणीत ठेवून बरणी घट्ट बंद करा आणि रात्रभर हात लावू नका. ओल्या मिठावरच्या कोंडलेल्या हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. सकाळी आकडा वाचा. जितका फरक, तितकी त्या यंत्राची चूक.

वासाबद्दल. ओल्या गवतासारखा वास आणि अमोनियाचा दर्प, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गवताचा वास बहुधा घाईने सुकवल्याचा, तो मुरता मुरता कमी होतो. अमोनिया मात्र जिवाणूंचं काम. ओल जास्त आणि प्राणवायू कमी अशी कोंडी झाली की ते तुरे कुजवायला लागतात. तुमचे दोन दिवस उघडायचे राहिले, ते नेमके इथे नडले. जिवाणू वाढण्याइतकं पाणी होतं, म्हणजे बुरशीला तर नक्कीच होतं. तिला त्याहून कमी ओल पुरते.

म्हणून व्यावसायिक लोक नुसती आर्द्रता न बघता जल-सक्रियता, म्हणजे सूक्ष्मजीवांना वापरता येईल असं किती पाणी आत आहे ते, मोजतात. सुक्या फुलांसाठी ती ०.५५ ते ०.६५ मध्ये ठेवतात. बंद बरणीतल्या हवेची आर्द्रता स्थिर झाली की तिला १०० ने भागायचं, तोच हा आकडा. ६५ च्या वर गेलात की बुरशीला दार उघडलं समजा.

प्रतिसाद ३

मी हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवशास्त्राचं काम करते, म्हणून जरा स्पष्ट लिहिते. वरच्या दोघांनी सांगितलेलं सुकवण्यापुरतं बरोबर आहे. पण धागाकर्तीचा खरा प्रश्न 'तुरे वाचतील का' हा नाही, 'या माणसाला द्यावे का' हा आहे. तिसऱ्या बरणीचं उत्तर: नाही. पुन्हा सुकवूनही नाही, वास पूर्ण गेला तरी नाही.

करडी बुरशी झाडाचं नुकसान करते. माणसाच्या फुप्फुसाला खरी भीती ॲस्परजिलस नावाच्या दुसऱ्या बुरशीची, आणि ही बुरशी साठवणीत वाढते. तिचे बीजाणू इतके सूक्ष्म असतात की नुसत्या डोळ्यांना तुरा स्वच्छच दिसतो. निरोगी माणसाच्या श्वासात ते रोजच जातात आणि शरीर ते निस्तरतं. प्रतिकारशक्ती दबलेल्या रुग्णांमध्ये मात्र बुरशी लागलेला कॅनाबिस ओढल्यावर फुप्फुसात ॲस्परजिलसचा गंभीर संसर्ग झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. तुरे पुन्हा सुकवले की बुरशीची वाढ थांबते, पण बीजाणू तिथेच राहतात, मरत नाहीत. व्हेपोरायझरच्या उष्णतेने ते सगळे मरतील असंही धरून चालू नका.

नेदरलँड्समध्ये औषध म्हणून मिळणाऱ्या फुलांवर गॅमा किरणांचा मारा करतात, तो याच कारणासाठी. तिथल्या स्वच्छ, नियंत्रित खोल्यांत वाढवूनही ते ही पायरी गाळत नाहीत. आपल्या घरी ती सोय नाही, त्यामुळे आपल्याला त्यांच्याहून जास्त कडक राहावं लागतं.

धागाकर्ती

तुमचं वाचून हात थरथरले, पण असंच उत्तर हवं होतं. एक विचारू का? ओव्हनमध्ये भाजून, तेलात उतरवून पोटात दिलं तर? म्हणजे फुप्फुसाचा प्रश्न येणार नाही. इतक्या महिन्यांची मेहनत आहे, आणि त्याने रोज काठी टेकत झाडांपाशी जाऊन पाणी घातलंय.

प्रतिसाद ३

समजते हो. तरीही नाही. भट्टीच्या उष्णतेने बुरशी मेली तरी काही बुरश्या जी विषं मागे सोडतात, ती तशीच राहतात. अफ्लाटॉक्सिन साध्या भाजण्या-शिजवण्याला दाद देत नाही. शिवाय पोटात घेतलेल्या कॅनाबिसचं गणित वाफेपेक्षा पार वेगळं. असर उशिरा सुरू होतो आणि कितीतरी जास्त वेळ टिकतो. तो बदल न्यूरॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय करू नका.

बाकीच्या दोन बरण्यांकडेही लक्ष द्या. त्यात मोठ्या झाडाचे लहान तुरे असतील, तर बुरशी लागली ती त्याच झाडाला. भिंगातून बघा. ट्रायकोम म्हणजे टोकाला गोल मणी असलेल्या ताठ काड्या, काचेच्या टाचण्यांसारख्या. बुरशीचे धागे आडवे, एकमेकांत गुंतलेले, कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात. तसं काही दिसलं नाही तरी परवानाधारकांचे नमुने तपासणारी प्रयोगशाळा असेल तर तिथे द्या, आणि ॲस्परजिलसची तपासणी वेगळी सांगून करून घ्या. अहवाल हातात येईपर्यंत त्यांना औषधाच्या दुकानातूनच घ्या. आणि हे सगळं डॉक्टरांना सांगाच. खोकला, ताप, धाप असं काही असेल तर आजच.

प्रतिसाद १

माझा सल्ला मी मागे घेतो. मी पाठदुखीसाठी घेतो, बाकी तब्येत ठणठणीत, म्हणून तेवढाच विचार केला होता. ताई, तिसरी बरणी टाकून द्या.

धागाकर्ती

मिठाचा निकाल सांगते. दोन हायग्रोमीटर ७४ आणि ७६ वर थांबले. तिसऱ्या बरणीतला वेगळा घेतला होता, तो ६८ वर. म्हणजे ७ ने कमी दाखवत होता. मी ६१ बघून निर्धास्त होते तेव्हा आत ६८ च्या आसपास होतं. त्या आकड्याकडे रोज दोनदा बघत होते, पण तुरा हातात घेऊन दाबून बघायचं एकदाही सुचलं नाही, याचं फार वाईट वाटतंय.

एक मोठा तुरा फोडून भिंगाखाली धरला. वरची बाजू मण्यांनी भरलेली, सुंदर. आत देठाजवळ पांढरे धागे, अगदी तुम्ही लिहिलेत तसे. नवऱ्याला दाखवले. तो बराच वेळ बघत होता, मग म्हणाला, "टाक. आता हात लावू नकोस, मास्क घाल आधी." मास्क घालून सगळं ओल्या मातीत कालवलं, दोन पिशव्यांत बांधलं. परवान्याच्या कागदांत किती ग्रॅम नष्ट केले त्याची नोंद केली. बरणी टाकून दिली.

बाकीच्या दोन बरण्या ५७ आणि ५८ वर आहेत, वास छान, लिंबाच्या सालीसारखा. पहिलीत फक्त लहान झाडाचे तुरे आहेत, दुसरीत मिसळलेले. दोन्हींचे नमुने वेगवेगळे पाठवले. न्यूरॉलॉजिस्टना फोन झाला, त्यांनी सोमवारी बोलावलंय आणि तोवर दुकानातलं लिहून दिलंय. गेल्या महिन्यात मागच्या खेपेचं संपलं, तेव्हापासून तो दुकानातलंच घेतोय. या बरण्यांतलं अजून काहीही घेतलेलं नव्हतं, हे नशीब.

एकच शेवटचं विचारते, कारण नवरा आत्ताच पुढच्या रोपांचं बोलतोय. मोठे तुरे टांगण्याआधीच फोडून लहान करावेत का? की अख्खेच ठेवून जास्त दिवस सुकवावेत?

प्रतिसाद २

तुमच्या घरी तरी फोडाच. टांगायच्या आधी, अंगठ्याएवढे. वास थोडा कमी टिकेल, कारण उघडा भाग जास्त झाला की सुगंधी टर्पीन लवकर उडतात. पण आत ओल लपायला जागा राहत नाही, आणि फोडतानाच प्रत्येक देठ आतून दिसतो. बारीक काडीऐवजी तुऱ्याच्या मधला देठ मोडून बघायचा. तो मोडला तरच भरायचं, वाकला तर अजून दोन दिवस.