कवळी लावून जेवताना: काय खाता, कसं खाता?

आपल्याकडे कवळी बसली की ताटातून आधी भाकरी जाते, मग शेंगदाणे, मग मटण. उरतो तो गुरगुट्या भात आणि चहात बुडवलेली बिस्किटं. हे असं व्हायलाच पाहिजे असं नाही. जे रोज कवळीने जेवतात, ज्यांच्या हाताखालून कवळ्या जातात किंवा जे अशा माणसाला वाढतात, त्यांनी इथे लिहावं. कहाणी नको. काय करायचं, किती, आणि चुकतं कुठे, एवढं सांगा.

मिरज, कवळ्या तयार करण्याचं काम

वरची कवळी टाळूवर लाळेच्या पातळ थराने धरून राहते. खालच्या कवळीला टाळूचा आधार नाही, मध्ये जीभ हलत असते, म्हणून ती जास्त नाचते. समोरच्या दातांनी पेरू किंवा कणीस तोडायला गेलं की वरच्या कवळीची मागची कड सुटते, हवा शिरते आणि कवळी खाली येते. एकाच बाजूने चावलं तर दुसरी बाजू उचलते. यावर उपाय असा: घास नेहमीच्या निम्मा घ्यायचा, त्याचे जिभेने दोन भाग करून दोन्हीकडच्या दाढांखाली एकदम ठेवायचे आणि सरळ वर-खाली चावायचं. पूर्ण कवळीने चावण्याची ताकद स्वतःच्या दातांच्या साधारण पाव ते एकपंचमांश असते. जोर वाढवला तर पदार्थ बारीक होत नाही, हिरडी सोलते.

शिकण्याचा क्रम गिळणं, चावणं, तोडणं असा ठेवा. पहिले काही दिवस आमटी-भात, पिठलं, ताक. मग मऊ चावायचं. समोरून तोडणं सगळ्यात शेवटी, आणि तेव्हाही पदार्थ बाहेर ओढायचा नाही, दातांवर आत दाबायचा. सुरीने फोडी करता येत असतील तर तोडायला जाऊच नका.

कोरेगाव, घरातल्या वडीलधाऱ्यांचा स्वयंपाक

भाकरी सोडू नका. ज्वारीचं पीठ ताजं घ्या. जुन्या पिठाची भाकरी चिरते आणि कडक होते. पीठ उकळत्या पाण्यात भिजवून झाकून ठेवा, कोमट झाल्यावर भरपूर मळा. भाकरी पातळ थापा. तव्यावरून काढली की लगेच फडक्यात गुंडाळा, वाफेने पापुद्राही मऊ पडतो. काठ काढून बाकीची कुस्करा आणि गरम आमटीत पाच मिनिटं मुरू द्या. मुरण्याआधी खाल्ली तर वरून ओली, आतून कोरडी लागते आणि तोच कोरडा कण खालच्या कवळीखाली जातो.

शेंगदाणा अख्खा नको, अर्धवट कुटलेला तर मुळीच नको. भाजून, सालं पाखडून, कूट चाळणीने चाळा आणि वरचे कण पुन्हा वाटा. चटणी दह्यात कालवून द्या. वाघ्या घेवडा रात्रभर भिजवून बोटांत दाबला की चुरेल इतका शिजवा. अख्खा मसूर शिजला तरी त्याची सालं सुटतात आणि टाळूला चिकटतात. शिजलेल्यातला निम्मा मसूर रवीने घोटला की सालं रश्श्यात मिळून येतात. मेथीचे देठ काढा. वांगं कृष्णाकाठचं कोवळं बघून घ्या, जून वांग्याची बी कवळीखाली फार टोचते. कढीपत्ता फोडणीत घालून वाढताना काढून टाका, कारण ते पान सपाट सरकत आत जातं आणि जिभेला सापडत नाही.

भाताचं म्हणाल तर इंद्रायणीसारखा चिकट तांदूळ बरा. मोकळी शितं इकडेतिकडे पळतात.

सांगली, दंतवैद्य

कोरेगावच्या ताईंनी लिहिलेलं छापून दवाखान्यात लावण्यासारखं आहे. त्यात थोडी भर घालतो.

टाळू झाकलेली असल्यामुळे गरमपणा उशिरा कळतो आणि घसा भाजतो. चहा, आमटी आधी ओठाला लावून बघा. मासळीचा काटा आणि हाडाची कपची यांचंही तसंच, तोंडात कळेल या भरवशावर राहू नका, ताटातच बोटांनी निवडा.

टोचतंय म्हणून घरी कानस किंवा पॉलिश पेपर लावू नका. चुकीच्या जागी घासलं की पकड जाते आणि ती परत आणणं अवघड असतं. तपासायला येण्याआधी काही तास कवळी घालून, त्यावर जेवून या; लाल डाग दिसला तरच नेमकं कुठे घासायचं ते कळतं. दोन आठवड्यांत न भरणारी जखम लगेच दाखवा, त्यातून तंबाखू किंवा मिश्री लावत असाल तर आणखी लवकर.

चिकटवण्याची पेस्ट स्वच्छ, कोरड्या कवळीवर तीन-चार ठिकाणी, वाटाण्याहून लहान ठिपक्यांत, कडेपासून थोडी आत लावा. कडेने बाहेर आली तर जास्त झाली. दिवसातून पुन्हा पुन्हा लावावी लागत असेल तर हिरडी झिजली आहे; कवळीला आतून नवा थर द्यायची वेळ झाली. दात काढल्यावर पहिल्या काही महिन्यांत हे हमखास होतं.

तासगाव

मटण बंद करू नका, फक्त तुकडा बदला. खिमा सगळ्यात सोपा. तुकडेच हवे असतील तर धाग्याला आडवे, बोटाच्या पेराहून लहान कापा. लांब धागा दाढांमध्ये अडकतो आणि कवळी ओढून काढतो. बेदाणे कोरडे चिकटतात, रात्रभर भिजवून कुस्करा. भडंगाला मात्र सोपी वाट नाही. शेंगदाणे आणि लसूण वेगळे काढून फक्त चुरमुरे खा, नाहीतर सोडून द्या. ऊस नको, रस घ्या.

वाई

पेरूचा बियांचा गाभा चमच्याने काढून टाका, उरलेल्या गराच्या पातळ चकत्या करा. स्ट्रॉबेरीची बी काढता येत नाही, तिचं शिकरण गाळून घ्या. कंदी पेढा तोडून लहान तुकडा जिभेवर विरघळू द्या. सुपारी अख्खी असो वा खांड, कवळीचा दात उडवते. पान खायचंच असेल तर सुपारी न घालता खलबत्त्यात कुटून.

कराड, आहाराचा सल्ला देण्याचं काम

मऊ म्हणजे मैदा आणि साखर नव्हे. बिस्किटांवर दिवस निघाला तर मांसपेशी झडतात, मलावरोध होतो. रोज दोन वेळा घट्ट वरण किंवा मुगाचं पिठलं, एखादं अंडं किंवा वाटीभर दही, आणि किसलेली काकडी किंवा वाफवलेलं गाजर एवढं ताटात हवं. मधुमेह असेल तर पेज आणि गुरगुट्या भात यांनी साखर पटकन वाढते. त्यात डाळ आणि पालेभाजी घोटून घाला. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं आणि कवळी धरत नाही. अशांनी जेवणाआधी आणि दर दोन-तीन घासांनी घोटभर पाणी घ्यावं. गोळी मनाने बंद करू नये.

मिरज, पुन्हा

वाईकरांच्या सुपारीवरून कवळी आणखी कशाने बिघडते ते आठवलं. उकळतं पाणी कवळीवर कधी ओतू नका, प्लास्टिक वाकतं आणि मग कितीही पेस्ट लावा, बसत नाही. जेवण झालं की काढून धुवा, हळद लवकर निघाली तर डाग धरत नाही. धुताना खाली पाण्याने भरलेली बादली किंवा जाड टॉवेल ठेवा, मोरीच्या फरशीवर पडली तर दोन तुकडे. दंतमंजन आणि राखुंडी नको, चरे पडतात. मऊ ब्रश आणि हात धुवायचा साबण पुरतो, नंतर खळखळून धुवा. रात्री काढून झाकणाच्या डब्यात साध्या पाण्यात ठेवा. कोरडी ठेवली तर आकार किंचित बदलतो आणि सकाळचा पहिला घास टोचतो.