शोनेफेल्डच्या पालिकेला विमानतळापासून नेमके काय मिळते?

चिपीपठार:
नमस्कार मंडळी. आमचे गाव वेंगुर्ले तालुक्यात, चिपी विमानतळाच्या पठाराला लागून आहे. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले, तेव्हापासून ग्रामसभेत एकच विषय फिरून फिरून येतो: आवाज आमच्या कानी, वर्दळ आमच्या रस्त्यावर, मग ग्रामपंचायतीच्या तिजोरीत काय? बर्लिनच्या विमानतळाशेजारची शोनेफेल्ड ही लहान पालिका त्याच्यामुळे श्रीमंत झाली असे ऐकतो. तो पैसा कोणत्या वाटेने आला आणि त्यातले आम्हाला काही घेण्यासारखे आहे का, हे जाणकारांनी सांगावे. पर्यटन वाढेल, रोजगार येईल, ही उत्तरे आम्हाला पाठ आहेत. कृपया कराबद्दल बोलावे.

मालवण_ते_बर्लिन:
शोनेफेल्ड ही २००३ मध्ये सहा गावे एकत्र करून झालेली पालिका असून ती ब्रांडेनबुर्ग राज्यात, बर्लिनच्या दक्षिण वेशीवर आहे. विमानतळाच्या मालकीत तिचा वाटा नाही. त्या कंपनीत बर्लिन आणि ब्रांडेनबुर्ग या राज्यांचे प्रत्येकी ३७ टक्के आणि केंद्राचे २६ टक्के भाग आहेत. पालिकेच्या हाती आहे तो उद्योगांच्या नफ्यावरचा स्थानिक कर, आणि खरी मेख तिथेच आहे. या कराचा पाया देशभर एकच, म्हणजे करपात्र नफ्याच्या ३.५ टक्के आहे. मात्र त्याला कितीने गुणायचे हे प्रत्येक पालिकेची निवडून आलेली सभा ठरवते. बर्लिनचा दर ४१० टक्के असताना शोनेफेल्डने तो अनेक वर्षे २४० टक्के ठेवला, त्यामुळे वेशीच्या अलीकडे १४.३५ टक्के कर भरणाऱ्या कंपनीला पलीकडे ८.४ टक्केच भरावा लागे. राजधानीची बाजारपेठ हाकेच्या अंतरावर, विमानतळ दारात आणि कर जवळपास निम्मा, असे असताना कार्यालये कुठे जातील हे सांगायला नको.

याला मर्यादाही आहेत. उत्तर समुद्राकाठच्या एका चिमुकल्या गावाने हा दर शून्यावर ठेवून बड्या कंपन्यांच्या नुसत्या पाट्या गोळा केल्या होत्या, तेव्हा केंद्राने २००४ पासून किमान २०० टक्क्यांचे बंधन घातले. शिवाय कंपनीच्या शाखा अनेक गावांत असतील, तर हा कर सर्वसाधारणपणे त्या त्या ठिकाणी दिलेल्या पगाराच्या प्रमाणात वाटला जातो. आणि जमलेल्या पैशातून जिल्ह्याचा, राज्याचा व केंद्राचा वाटाही काढावा लागतो.

निवृत्त_ग्रामसेवक:
वरील माहितीवरून एक गोष्ट स्पष्ट होते की शोनेफेल्डचे हत्यार आपल्या हाती नाही. आपल्याकडे नफ्यावरचा आयकर केंद्राकडे जातो, जीएसटी केंद्र व राज्य वाटून घेतात, आणि गावाकडे येते ते मुख्यतः वित्त आयोगाचे अनुदान. ग्रामपंचायतीला स्वतःच्या अधिकारात उरतो तो मुख्यतः महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ खालील इमारती व जमिनींवरचा कर. म्हणून चिपीपठार, आपण ग्रामसभेत आधी साधे प्रश्न विचारावेत. हद्दीतील प्रत्येक नव्या बांधकामाची नोंद नमुना ८ मध्ये, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीत, झाली आहे का? जमीन कोणाची आणि भाडेपट्टा कोणाच्या नावे आहे? केंद्र सरकारच्या मालकीच्या मालमत्तेला घटनेच्या कलम २८५ नुसार करमाफी मिळते. खासगी मालमत्तेला ती आपोआप मिळत नाही. मालकी न पाहता केलेला ठराव पुढे टिकत नाही, हे मी नोकरीत पाहिले आहे.

उरणची_लेक:
काका, कराचे सर्व मान्य, पण विमानतळाचा हिशेब तिजोरीपुरता धरता येत नाही. बर्लिनच्या नव्या विमानतळासाठी डीपेन्झे नावाचे साधारण ३३० वस्तीचे गाव उठवले गेले आणि लोकांना कोनिग्स वुस्टरहाउझेन येथे नव्या वसाहतीत एकत्र वसवले. आमच्याकडे नवी मुंबई विमानतळासाठी पनवेल तालुक्यातील दहा गावे हलली आणि साडेबावीस टक्के विकसित भूखंडाचा मोबदला ठरला. मोबदल्याची तुलना होऊ शकेल. शेजार मात्र एकत्र राहिला की विखुरला, हे कुणी मोजत नाही, आणि मला तेच जास्त महत्त्वाचे वाटते.

आवाजाबाबत मात्र बर्लिनकडून खरोखर शिकावे. २००४ ची बांधकाम परवानगी आणि त्यानंतरचे न्यायालयीन निकाल यांतून मध्यरात्री १२ ते पहाटे ५ या वेळेत, अपवाद वगळता, नियमित उड्डाणे बंद ठेवण्याचे ठरले. बाधित घरांना आवाजरोधक खिडक्या आणि, झोपताना खिडकी बंद ठेवता यावी म्हणून, शयनकक्षात वायुवीजनाची सोय देण्याचे बंधन विमानतळ कंपनीवर आहे. हा खर्च घराच्या बाजारभावाच्या ३० टक्क्यांवर गेला तर त्याऐवजी रोख भरपाई मिळते. आणि सगळे वेळेवर होते असेही नाही: जून २०१२ चे उद्घाटन धूर बाहेर काढणाऱ्या यंत्रणेतील दोषांमुळे काही आठवडे आधी रद्द झाले आणि विमानतळ सुरू व्हायला ३१ ऑक्टोबर २०२० उजाडले.

चिपीपठार:
सर्वांचे आभार. आमच्याकडे उड्डाणे अजून मोजकीच आहेत, त्यामुळे आवाजाचा मुद्दा आत्ताच मांडला तर लोक हसतील अशी धास्ती आहे.

उरणची_लेक:
दादा, हसू द्यावे. रात्रीच्या वेळेची अट शोनेफेल्डच्या शेजाऱ्यांनी नवा विमानतळ सुरू होण्याआधीच मिळवली होती. गर्दी वाढल्यावर ती मागणे फार कठीण जाते.

निवृत्त_ग्रामसेवक:
ठराव दोन वेगळे करावेत, एक आकारणीचा आणि एक आवाजाचा. एकात मिसळले तर दोन्ही एकाच टेबलावर अडकतात.