पहिली चांगली टॉर्च घ्यायची आहे, लुमेनच्या आकड्यांनी गोंधळलोय

पहाटफेरी:
रोज पहाटे साडेचारला कुत्र्याला घेऊन बाहेर पडतो. आतापर्यंत मोबाइलच्या उजेडावर भागवलं. परवा जुनी दोन सेलची टॉर्च काढली, तर आत सेल पाझरून पांढरी भुकटी साचलेली आणि स्प्रिंग गंजून तुटलेली. आता एकदाच नीट काहीतरी घ्यावं म्हणतो, पण खिशाला झेपेल असं. ऑनलाइन बघितलं तर अंगठ्याएवढ्या टॉर्चवर १,००,००० लुमेन (उजेडाचं माप) लिहिलेत आणि जाणकार नावाजतात त्या टॉर्चवर जेमतेम १,०००. नेमकं काय बघून घ्यायचं?

जुना_कंदील:
लाखवाली सोडून द्या, साधा हिशेब करून बघा. १८६५० नावाचा सेल असतो, १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब. त्यात साधारण ११-१२ वॉट-तास ऊर्जा मावते. चांगला एलईडी एका वॉटमागे शंभर-सव्वाशे लुमेन देतो. म्हणजे १,००० लुमेन सलग दिले तर तास-सव्वा तासात सेल संपला. त्याआधीच टॉर्च इतकी तापते की काही मिनिटांत ती स्वतःच उजेड कमी करते. चालायला १००-१५० लुमेन भरपूर होतात. त्या पातळीवर किती तास टिकते ते बघा, सगळ्यात वरचा आकडा बघून घेऊ नका. खोक्यावर लिहिलेला वेळही जपून वाचा: टॉर्च मोजायच्या एफएल१ मानकात उजेड सुरुवातीच्या एक दशांशावर येईपर्यंतचा वेळ मोजतात.

माझ्या मते लुमेनपेक्षा उजेडाचा रंग महत्त्वाचा, आणि हे मी अनुभवानं सांगतोय. एकदा रात्री माझी कुत्री लंगडायला लागली. पंजा हातात धरून माझ्या निळसर पांढऱ्या टॉर्चनं बोटांच्या बेचक्यात बघत होतो. काळे केस, त्यावर चिखल, सगळं एकाच राखाडी रंगाचं. काटा कुठे रुतलाय ते कळेचना आणि ती बिचारी दर वेळी पाय ओढून घेत होती. शेवटी तिला उचलून घरातल्या दिव्याखाली आणलं, तेव्हा लाल ठिपका दिसला. त्यानंतर मी ९० च्या वर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) असलेली, ४,००० केल्विनची (म्हणजे निळसर नसलेल्या उजेडाची) टॉर्च घेतली. आता रक्त रक्तासारखं दिसतं आणि माती मातीसारखी. झोत थोडा कमी लांब जातो, त्याची मला कधी अडचण झाली नाही.

नावच हवं असेल तर वुर्कोस एफसी११सी बघा: १८६५० सेल, यूएसबी-सी चार्जिंग, बुडाला चुंबक, आत निचिया कंपनीचा ५१९ए एलईडी. कॉन्व्हॉय एस२+ पण छान, साधी आणि दणकट. तिच्या नेहमीच्या मॉडेलला मात्र चार्जर वेगळा लागतो.

दोन_सेल:
जुना_कंदील यांचं पटतं, पण घरात खणात पडून राहणार असेल तर मी एए सेलचीच सांगेन. फक्त अल्कलाइन सेल आत ठेवून विसरायचं नाही. ते पाझरतात. एनेलूपसारखे रिचार्जेबल टाका, ते क्वचितच पाझरतात आणि वर्षभर पडून राहिले तरी बराचसा चार्ज शिल्लक असतो. जुनी टॉर्चही लगेच फेकू नका. सेल अल्कलाइन असतील तर ती भुकटी अल्कधर्मी असते, कापसाच्या बोळ्यावर व्हिनेगर घेऊन पुसली की निघते. हातमोजे घाला. स्प्रिंग मात्र नवी बसवावी लागेल.

रात्रपाळी:
सेल कुठलाही स्वस्तातला उचलू नका. १८६५० वर ९,९०० एमएएच (सेलची क्षमता) छापलं असेल तर ते खोटं, चांगले सेलसुद्धा बहुतेक ३,५०० च्या आसपास थांबतात. वरचं प्लास्टिक फाटलेला सेल वापरायचा नाही आणि सुटा सेल किल्ल्यांबरोबर खिशात टाकायचा नाही, शॉर्ट होतो. टॉर्च पिशवीत ठेवताना मागचं झाकण पाव फेरा सैल करा. बहुतेक चांगल्या टॉर्च त्यानं लॉक होतात. माझी एकदा पिशवीत आपोआप लागून अस्तर भाजलं होतं.

पहाटफेरी:
मनापासून आभार. एफसी११सी, ४,००० केल्विन ठरवली. आमचाही काळाच आहे, त्यामुळे काट्याचा किस्सा वाचून लगेच पटलं. जुनी आज संध्याकाळी व्हिनेगरनं पुसून बघतो.

जुना_कंदील:
छान. आली की आधी मागचं झाकण उघडून बघा. सेलवर बऱ्याचदा प्लास्टिकची पातळ चकती असते, ती काढल्याशिवाय टॉर्च लागत नाही. मग पूर्ण चार्ज करा आणि रात्री घरातले दिवे बंद करून सगळ्यात मंद पातळी बघा. पहाटे कुणाला न उठवता पट्टा शोधायला तीच लागेल.