झाकण पडलं की मी "मी नाही, मी नाही" म्हणतो

अर्धविराम

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र होतो. पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

वय ४३. असं बऱ्याचदा होतं, हा दोन महिन्यांपूर्वीचा ताजा प्रसंग. पातेल्यावरचं स्टीलचं झाकण ओट्यावरून सटकलं, फरशीवर पडलं आणि पडलेली झाकणं गोल गोल फिरत, आवाज बारीक करत थांबतात तसं थांबलं. ते थांबेपर्यंत मी तीनदा मोठ्याने म्हणालो होतो, "मी नाही, मी नाही, मी नाही." घरात चिटपाखरू नव्हतं. मी स्वयंपाकघरात पाठ भिंतीला लावून उभा होतो, आणि भिंतीपर्यंत कधी गेलो ते मला आठवत नाही.

लहानपणी बाबांना आवाज सहन व्हायचा नाही. मारायचे क्वचितच. पण काही पडलं की बाहेरच्या खोलीत खुर्ची मागे सरकायची आणि मग पावलं ऐकू यायची. पुढे काय होणार ते त्या पावलांवर ठरायचं. अजूनही मला नुसत्या पावलांवरून माणसाचा मूड कळतो. ऑफिसात त्याचा फायदाच होतो म्हणा.

आता प्रश्न. गेल्या तीन वर्षांत मी बरंच काही करून पाहिलं. एका समुपदेशकांकडे सात महिने गेलो. ते तक्ता भरायला द्यायचे: प्रसंग, तेव्हा आलेला विचार, भावना शंभरपैकी किती, विचाराच्या बाजूने पुरावा, विरुद्ध पुरावा, पर्यायी विचार. मी हिशेबाच्या खात्यात काम करतो, त्यामुळे तक्ते फार सुंदर भरले. मग दहा दिवसांच्या मौन शिबिराला गेलो, तिथून चौथ्या दिवशी पळून आलो. एका मित्राने सांगितलं की मूळ बालपणात आहे, ते खणून काढल्याशिवाय काही होणार नाही. दुसरा म्हणतो बालपण उकरू नकोस, आत्ताच्या क्षणात राहा. तिसरीचं म्हणणं, सगळं शरीरात साठलेलं असतं.

माझी ताई त्याच घरात वाढली. तिच्या हातून झाकण पडलं तर ती झाकण उचलते आणि धुते. बस.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, यातला कुठला रस्ता धरायचा हे माणूस ठरवतो कसं? दोन, कारण तर मला माहीत आहे, वर लिहिलंच आहे. मग कारण कळूनही मी भिंतीला पाठ लावून का उभा असतो?

---

टोकदार

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुमचा तक्ता सुंदर होता, पण त्यात "च" सापडला होता का? अल्बर्ट एलिस हा मुळात मनोविश्लेषण करणारा माणूस. वर्षानुवर्षं लोकांचं बालपण ऐकूनही त्यांच्यात फरक पडेना, म्हणून १९५५च्या सुमारास त्याने विवेकनिष्ठ उपचारपद्धती काढली. घटना आपल्याला त्रास देत नाही, घटनेबद्दलचा आपला हट्ट देतो. "माझ्या हातून चूक होताच कामा नये", "कोणी रागावलं तर ते सहन होणारच नाही". हे "च" पकडा, त्यांच्याशी भांडा. मी हेच करून बॉसच्या भीतीतून बाहेर आलो. बालपण वगैरे उकरण्यात काही अर्थ नाही.

---

अर्धविराम

टोकदार, राग कसला. "च" सापडले होते, एक नाही चार. त्यातले दोन गेलेसुद्धा. पूर्वी ईमेल पाठवायच्या आधी अकरा वेळा वाचायचो, आता दोनदा वाचतो. तेवढं श्रेय तक्त्याला आहे. पण झाकण पडतं तेव्हा विचार येतच नाही हो. आधी तोंडातून शब्द जातो, पाठ भिंतीला लागते, आणि विचार नंतर धापा टाकत येतो. भांडणार कोणाशी?

---

निवृत्त_टंकलेखक

माझा अनुभव सांगते, तुमच्यासारखा नाही, पण उपयोगी पडला तर बघा.

बावीस वर्षांपूर्वी आमच्या कार्यालयाच्या गाडीला अपघात झाला. मी मागच्या सीटवर होते. पुढे बसलेली सहकारी गेली. दुसऱ्याच दिवशी आम्हा सगळ्यांना गोल करून बसवलं आणि एकेकाला काय पाहिलं ते सविस्तर सांगायला लावलं. हेतू चांगला होता, त्या काळी तशीच पद्धत होती. मी त्यानंतर कित्येक आठवडे झोपले नाही. स्वतःच्या आठवणी कमी होत्या म्हणून की काय, इतरांच्याही डोळ्यांसमोर यायला लागल्या. अशा एकाच बैठकीतल्या सक्तीच्या बोलण्याने पुढचा मानसिक त्रास टळत नाही, असं नंतर बऱ्याच अभ्यासांतून दिसलं आणि आता तसं करू नये असंच सांगतात. तेव्हा मला वाटायचं माझ्यातच खोट आहे, बाकीचे मोकळे झाले, मी नाही झाले.

मी मोकळी झाले ती दोन वर्षांनी, लिहून. जेम्स पेनेबेकर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात वाईट प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं. घडलं काय आणि वाटलं काय, दोन्ही ज्यांनी लिहिलं, त्यांच्या दवाखान्याच्या खेपा पुढच्या काही महिन्यांत कमी झाल्या. मात्र लिहून उठल्याउठल्या त्यांना बरं नाही, जास्त वाईट वाटत होतं. हे कोणी आधी सांगत नाही आणि मग माणूस पहिल्याच दिवशी वही फेकून देतो.

मी आयुष्यभर दुसऱ्यांचं टंकलेखन केलं, त्यामुळे टंकयंत्रावर बसले की बोटं आपोआप कार्यालयीन भाषा लिहायची. "सदर वाहन डाव्या बाजूस कलले." पहिले दोन दिवस असंच लिहिलं. तिसऱ्या दिवशी पेन्सिल घेतली. त्या दिवशी पहिल्यांदा लिहिलं की मी तिला जागा बदलायला सांगितलं होतं, मला मागे पाय लांब करता येतात म्हणून. हे वाक्य गोल करून बसवलं तेव्हा मी बोलले नव्हते. कोणालाच सांगितलं नव्हतं. चौथ्या दिवशी पंधरा मिनिटांत चारच ओळी झाल्या आणि मी झोपले.

मित्र म्हणाले म्हणून खणू नका आणि मित्र म्हणाले म्हणून थांबूही नका, एवढंच म्हणेन.

---

काठावरची

दोन्ही प्रतिसाद आवडले. वाचनखूण साठवली आहे.

---

पाऊलवाट७१

एकोणीस वर्षं समुपदेशन करते. इथे निदान करणार नाही, करूही नये. पण तुमचा दुसरा प्रश्न फार नेमका आहे, तिथून सुरुवात करते.

कारण माहीत असणं आणि उलगडा होणं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तुम्ही बाबांची खुर्ची आणि पावलं यांचं जे वर्णन केलंत ते उत्तम आहे, पण ते तुम्ही आधी कितीतरी वेळा सांगितलेलं असणार. त्याला गुळगुळीतपणा आलाय. (मी हे टीका म्हणून म्हणत नाही. माझीही अशी एक घासून पुसून तयार झालेली गोष्ट आहे.)

यूजीन जेंडलिन हा मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सचा सहकारी. उपचारांच्या बैठकांची ध्वनिमुद्रणं ऐकताना त्याला आणि त्याच्या सहकाऱ्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. कोण सुधारणार हे बऱ्याचदा सुरुवातीच्या बैठकींवरूनच ओळखता यायचं, आणि ते माणूस कशाबद्दल बोलतो यावर नसून कसं बोलतो यावर ठरायचं. सुधारणारी माणसं मधेच अडखळत. "राग आला... नाही, राग नाही... काय म्हणू..." असं चाचपडत. नीट, सलग, मुद्देसूद बोलणाऱ्यांचं गाडं तिथल्या तिथे राहायचं. ही चाचपडण्याची कला शिकवता येते का, म्हणून त्याने पद्धत बसवली आणि १९७८ साली त्यावर पुस्तक लिहिलं. ढोबळपणे सांगायचं तर असं: छातीत किंवा पोटात जे अस्पष्ट काहीतरी जाणवतं त्याच्याशेजारी बसायचं, त्याला एखादा शब्द लावून बघायचा, आणि आतून "छे, हा नाही" असं आलं तर शब्द बदलायचा. बरोबर शब्द सापडला की शरीर किंचित सैल पडतं. दुसऱ्या कोणी सुचवलेल्या सुंदर शब्दाने तसं होत नाही.

म्हणून टोकदारांचं चूक नाही, पण त्यांची किल्ली दुसऱ्या कुलपाची आहे. जिथे विचार आधी आणि भावना नंतर, तिथे तक्ता फार चांगला चालतो, तुमचे ईमेल त्याचा पुरावा. जिथे शरीरच आधी धावतं तिथे दुसरं काहीतरी लागतं. जुन्या आघातासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१३च्या मार्गदर्शक सूचनांत दोन पद्धतींची नावं घेतली होती: आघातावर केंद्रित असलेली विचार-वर्तन पद्धती, आणि डोळ्यांच्या हालचाली करत आठवणीकडे जाण्याची ईएमडीआर. दुसरीत डोळ्यांच्या हालचालींचा वाटा नेमका किती, यावर अजून वाद आहेत. पण दोन्हींत आठवणीकडे थोडं थोडं जायचं असतं, आणि जाताना शेजारी कोणीतरी असतं.

आता मौन शिबिर. तुम्ही "पळून आलो" असं लिहिलंत ते मला खटकलं. ज्याचं शरीर वर्षानुवर्षं पावलांचा कानोसा घेत आलंय त्याला सांगायचं, डोळे मिट, बोलू नकोस, आजूबाजूला अनोळखी माणसं चालत असतील त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस. काहींना यातून खूप मिळतं. काहींचं शरीर घाबरून उठतं. जॉन कबाट-झिन यांनी १९७९मध्ये रुग्णालयात सुरू केलेला सजगतेचा कार्यक्रम काही आठवड्यांचा होता, आणि वर्ग संपला की लोक आपापल्या घरी परत जायचे. डोळे उघडे ठेवून, पाच मिनिटं, दाराकडे तोंड करून बसलात तरी ते ध्यानच.

पहिला प्रश्न, रस्ता कसा निवडायचा. १९३६ सालीच मानसशास्त्रज्ञ सॉल रोझेन्झवाइगने लिहून ठेवलंय की वेगवेगळ्या पद्धतींचे निकाल इतके सारखे येतात, त्याअर्थी पद्धतीपलीकडचं काहीतरी काम करत असावं. पुढे १९७९मध्ये एडवर्ड बॉर्डिनने त्या "काहीतरी"चे तीन भाग केले: कुठे जायचंय यावर दोघांचं एकमत आहे का, त्यासाठी काय करायचंय यावर आहे का, आणि दोघांत जिव्हाळा आहे का. मी माझ्याकडे येणाऱ्यांना तिसऱ्या-चौथ्या भेटीत हे सरळ विचारते. कधी कधी उत्तर "नाही" येतं. तेव्हा वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू, पण मी त्यांना दुसरीकडे पाठवते.

तुमच्या समुपदेशकांना तुम्ही हे झाकणाचं सांगितलं होतंत का?

---

अर्धविराम

पाऊलवाट ताई, नव्हतं सांगितलं. सात महिन्यांत एकदाही नाही. तक्त्यात "प्रसंग" या रकान्यात झाकण लिहायची लाज वाटली. शिवाय ते खूश व्हायचे माझे तक्ते बघून. आता लिहिताना लक्षात येतंय, त्यांच्याही पावलांचा मी कानोसा घेत होतो.

ताईला (माझ्या) फोन केला. तिला विचारलं, तुला काहीच कसं होत नाही? ती म्हणाली, "तू पुढे असायचास. बाबा तुझ्यापाशी थांबायचे." मग बराच वेळ कोणी बोललं नाही. मग म्हणाली की तिला शांततेची भीती वाटते, घरात सतत रेडिओ चालू ठेवते. चाळीस वर्षं मी त्याला तिची गाण्याची आवड समजत होतो.

---

टोकदार

मागचा माझा प्रतिसाद जरा घाईचा झाला. "बालपण उकरण्यात अर्थ नाही" हे वाक्य मागे घेतो. बाकी "च"बद्दल ठाम आहे.

---

अर्धविराम

तीन आठवड्यांनी लिहितोय.

टंकलेखक ताईंसारखं लिहायला बसलो. पहिल्या दिवशी अर्थातच मुद्दे काढले, क्रमांक घालून. दुसऱ्या दिवसापासून डाव्या हाताने लिहिलं, म्हणजे सुंदर होणार नाही. हे कुठल्या शास्त्रात बसतं माहीत नाही.

रविवारी बाबांकडे गेलो होतो. ते ७६ वर्षांचे आहेत, ऐकू कमी येतं, यंत्र लावत नाहीत. आत भांडी लावताना माझ्या हातून ताट पडलं. मुद्दाम नाही. तोंडातून "मी ना" एवढं निघालं आणि मी थांबलो. बाबा बाहेर वर्तमानपत्र वाचत होते, त्यांना कळलंही नाही. मी ताट उचललं नाही. उभाच राहिलो, पोटात जे चाललं होतं त्याला शब्द लावत. भीती? नाही. राग? थोडा, पण तोही नाही. मग आलं: वाट बघतोय. खुर्ची सरकायची वाट बघतोय. ती सरकली की एकदाचं होऊन जाईल. शब्द लागला तसे खांदे खाली आले, पाऊलवाट ताई म्हणाल्या तसे. दहाएक सेकंद. मग परत वर गेले.

नवीन समुपदेशक बाईंची गुरुवारची वेळ मिळालीय. प्रसंग म्हणून पहिल्या ओळीत झाकणच लिहून ठेवलंय, डाव्या हाताने. त्यांना ते वाचता आलं पाहिजे फक्त.