शब्दचर्चा : शॉर्ट इंटरेस्ट

प्रश्न : अमेरिकी शेअर बाजाराच्या बातम्यांत ‘शॉर्ट इंटरेस्ट’ हा शब्द वारंवार येतो. उसन्या शेअरांवर द्यावे लागणारे व्याज, असा त्याचा अर्थ घ्यावा काय? आणि हा आकडा शंभर टक्क्यांवर कसा जातो?

उत्तर : व्याजाशी त्याचा संबंध नाही, उसनवारीचे शुल्क निराळे. भाव उतरेल या अंदाजाने शेअर उसने घेऊन विकले, पण बाजारातून पुन्हा विकत घेऊन ते अद्याप परत केले नाहीत, अशा शेअरांची एकूण संख्या म्हणजे शॉर्ट इंटरेस्ट, अर्थात मंदीवाल्यांच्या अंगावरचे देणे. सकाळी विकून दुपारी कापलेला सौदा त्यात येत नाही. तिकडे फिन्रा ही दलालांवर देखरेख ठेवणारी संस्था त्यांच्याकडून ही माहिती महिन्यातून दोनदा घेते, त्यामुळे वाचकाच्या हाती पडणारा आकडा थोडा शिळाच असतो.

शेअर उसने घेऊन विकले की खरेदीदार त्यांचा पूर्ण मालक होतो आणि त्याच्या खात्यातून तेच शेअर पुन्हा उसने जाऊ शकतात. शेअर एकच, देणी मात्र दोन. म्हणूनच जानेवारी २०२१ मध्ये गेमस्टॉप या व्हिडिओ गेम विकणाऱ्या अमेरिकी कंपनीचा शॉर्ट इंटरेस्ट बाजारात फिरणाऱ्या शेअरांच्या सुमारे १२३ टक्के झाला होता.

तथापि टक्केवारी कशाची, हे विचारल्याशिवाय आकडा वाचू नये. ऑक्टोबर २००८ मध्ये फोक्सवागेन या जर्मन मोटार कंपनीच्या एकूण शेअरांपैकी जेमतेम बारा-तेरा टक्के शॉर्ट होते, म्हणजे घाबरण्यासारखे काहीच नव्हते. पण आपल्याकडे ४२.६ टक्के शेअर आणि आणखी ३१.५ टक्क्यांवरचे ऑप्शन (शेअरच्या भावाशी बांधलेले करार) असल्याचे पोर्शे या दुसऱ्या मोटार कंपनीने २६ तारखेला जाहीर केले. जर्मनीतील लोअर सॅक्सनी राज्याचा वाटा वीस टक्क्यांवर होताच. बाजारात उरले सहा टक्क्यांहून कमी, आणि फेडायचे होते त्याच्या दुप्पट! मंदीवाल्यांची खरेदीसाठी अशी झुंबड उडाली की २८ तारखेला भावाने हजार युरो ओलांडले.

पुरवणी : आपल्याकडे रोज कानावर पडणारा ‘ओपन इंटरेस्ट’ याहून वेगळा आहे. तो वायद्यांतील न मिटलेल्या करारांचा आकडा असून प्रत्येक करारामागे एक तेजीवाला व एक मंदीवाला असतोच. त्यामुळे केवळ तो वाढला म्हणून मंदी वाढली, असे म्हणणे चूक ठरते. रोखीच्या बाजारात मात्र शॉर्ट मारून (जवळ नसलेले शेअर विकून) संध्याकाळपर्यंत सौदा कापला नाही आणि एसएलबीतून (शेअर उसने देण्या-घेण्याच्या व्यवस्थेतून) शेअर उसनेही मिळाले नाहीत, तर लिलावाला तोंड द्यावे लागते, म्हणजे बाजार ते शेअर लिलावात घेऊन खर्च विकणाऱ्यावर टाकतो.