पोटरीत खाली, टाचेच्या वर दुखतंय, कुठला स्नायू असेल?

पंचवटीकर: मंडळी, रोज सकाळी कृषीनगर ट्रॅकवर पळतो आणि रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या. हल्ली पोटरीत आत खोल, टाचेच्या जरा वर दुखतंय, पायऱ्या चढताना जास्तच. भिंतीला टेकून स्ट्रेचिंग करतो त्याने वरची पोटरी मोकळी होते पण खालचं दुखणं जिथल्या तिथं.

फिजिओताई: सोलियस वाटतोय, पण हात लावून बघितल्याशिवाय पक्कं नाही सांगता येत. वर फुगीर दिसतो तो गॅस्ट्रोक्निमियस, तो गुडघ्याच्या वर मांडीच्या हाडापासून निघतो. त्याच्या खाली चपटा रुंद सोलियस, हा गुडघ्याच्या खालीच, नडगीच्या आणि शेजारच्या बारीक हाडाच्या मागून निघतो. दोघं जाऊन टाचेला जोडतात एकाच अकिलीस टेंडनने. सोलियस गुडघा ओलांडतच नाही, खरी गोम इथेच आहे. गुडघा वाकला की गॅस्ट्रोक सैल पडतो आणि टाच उचलायचं बरंचसं काम सोलियसवर येतं, म्हणून पायऱ्यांवर दुखतंय. तुम्ही स्ट्रेच करताना मागचा गुडघा सरळ ठेवत असणार. आता तो थोडा वाकवा, टाच जमिनीवरून उचलू नका, ताण खाली टाचेजवळ आला पाहिजे.

सिडकोची_माधुरी: ताई मी दुकानात दिवसभर काउंटरला उभी असते, संध्याकाळी पाय नुसते जड होतात, तेही याच्यामुळेच का?

फिजिओताई: संबंध आहे गं. सोलियसमध्ये हळू आणि न थकता काम करणारे तंतू जास्त, आपण उभे असताना पुढे तोल जाऊ नये म्हणून तो धरून ठेवतो. शिवाय तो आवळला की पायातल्या शिरांमधलं रक्त वर ढकललं जातं, पंपच म्हण ना. पण नुसतं एका जागी उभं राहिलं तर हा पंप नीट चालत नाही, त्यामुळे गिऱ्हाईक नसेल तेव्हा चवड्यांवर वर-खाली होत जा, स्टुलावर बसूनही टाचा उचलता येतात. आणि हे दोघांनाही, एकच पाय सुजला, गरम किंवा लाल झाला तर मालिश अजिबात करायची नाही, शिरेत गुठळी असू शकते, त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर तडक हॉस्पिटल.

पंचवटीकर: सूज वगैरे नाही. गुडघा वाकवून आत्ताच करून बघितलं, बरोब्बर दुखतं तिथेच ताण आला! रविवारी पांडवलेणीला जाऊ का मग?

फिजिओताई: या रविवारी नको, सपाटीवर चाला. टाच उचलताना दुखायचं थांबलं की आधी अर्ध्या पायऱ्या.